घरातला कारखाना, कंपनीतले घर

सायखेड्याच्या पुलावर उभे राहिले की वरच्या अंगाला, याच गोदावरीच्या काठी, नाशिक आहे. १९१८ मध्ये तिथे ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली. आपल्या चित्रपट-इतिहासात मात्र तिला दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातील एका प्रकरणाएवढीच जागा मिळते : भांडवलदार आले, कलावंताचे त्यांच्याशी पटले नाही, कलावंत काशीला निघून गेला. ही मांडणी सोयीची आहे, पण अपुरी आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) दादरच्या राहत्या घरात घडला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोके पाडली, रात्री ती धुतली आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही केला. या श्रमांचा हिशेब कोणी ठेवला नाही, कारण ते घरचे काम होते. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदार आल्यावर खर्चाला आणि वेळेला मर्यादा आल्या. फाळके यांना जाचली ती ही वही.

अमेरिकेत हेच थोडे आधी घडले होते. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या बायोग्राफ कंपनीत ग्रिफिथ यांना लांब, खर्चिक चित्रपट करायचे होते. कंपनी नाखूश होती. १९१३ मध्ये ते बाहेर पडले आणि कंपनी ओसरत गेली. नाशिकची कंपनी मात्र फाळके यांच्या गैरहजेरीतही चालू राहिली. पुढे तेच तिच्याकडे परतले आणि मूकपटाचे युग संपेपर्यंत ती टिकली. म्हणजे ‘हिंदुस्थान’ ही केवळ एका प्रतिभावंताची सावली नव्हती. प्रतिभेची घडी बसवून तिच्यातून नेमाने चित्रपट काढणारी ती संस्था होती.

तरीही घर सुटले नाही. याचा पुरावा ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे तो आजही पाहता येतो. कथा सुरू होण्याआधी फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी समोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते आणि मगच कृष्ण होते. देवाच्या आधी मुलगी दिसते. याला बापाचे कौतुक म्हणून सोडून देता येणार नाही. बायोग्राफसारखी कंपनी आपल्या नटांची नावे वर्षानुवर्षे गुप्त ठेवत होती. इथे चित्रपट स्वतःच सांगतो, की तुम्ही पाहणार आहात तो चमत्कार एका मुलीने केलेले काम आहे.

त्या भोळ्या वाटणाऱ्या दृश्यात श्रमाला चेहरा मिळतो. पण तो मुलीलाच. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारी आई पडद्यावर येत नाही. फाळके यांना ‘जनक’ म्हणताना आपण हीच चौकट पुन्हा वापरतो. ‘हिंदुस्थान’चा इतिहास लिहायचा, तर तो या चौकटीबाहेरच्या हातांपासून सुरू करावा लागेल.