खुणा सांगणारी पाकपुस्तके

नवे पाकपुस्तक हातात आले की मी आधी अनारशाचे पान काढते. साहित्य सगळीकडे सारखेच असते: तांदूळ, गूळ किंवा पिठीसाखर, तूप, खसखस. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, फडक्यावर सावलीत पसरा, ओलसर असतानाच कुटा, इथपर्यंतही बहुतेक पुस्तके येतात. परीक्षा त्यापुढे आहे. ओलसर म्हणजे किती, हे हाताला कसे कळावे? गुळात कालवलेला गोळा पुरेसा मुरला हे कशावरून ओळखावे? आणि तुपात सोडलेला अनारसा हसला, काठ सुटून पीठ कढईभर पसरले, तर उरलेल्या गोळ्याचे काय करावे? ही उत्तरे देणारे पुस्तक कढईपुढे उभे राहून लिहिलेले असते. ती न देणारे पुस्तक बहुधा दुसऱ्या पुस्तकावरून लिहिलेले असते.

या एका कसोटीवर मराठी पाकपुस्तकांची आजची अवस्था तपासावी असे बरेच दिवस मनात आहे. दिवाळीच्या सुमारास दुकानांतून नव्या पुस्तकांचे ढीग लागतात, ‘कालनिर्णय’च्या पानामागची पाककृती अजून वाचली जाते, यूट्यूबवर तर रोज शेकडो कढया तापतात. तरीही या लेखनाची समीक्षा आपल्याकडे जवळजवळ होत नाही. कादंबरीला परीक्षण मिळते, पाकपुस्तकाला फार तर ‘साभार पोच’.

मराठीतल्या छापील पाकपुस्तकांची वाटचाल दीडशे वर्षांची आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. त्याच्या कितीतरी आधी कल्याणीच्या सोमेश्वराच्या संस्कृत ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकातले राजाचे ताट नोंदवले गेले, आणि सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्तांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले. मला यांच्यापेक्षाही मोलाचे वाटते ते तंजावरचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या मुदपाकखान्यातल्या कृतींचे हे संकलन. त्यात शाकाहारी आणि मांसाहारी पाकशाळांबरोबर इंग्रजी पाकशाळेच्याही कृती आहेत. तमिळ मुलखात, मराठी राजाच्या पदरी, इंग्रजी पदार्थ आपल्या भाषेत उतरवून घ्यावेत असे कोणाला तरी वाटले. परका पदार्थ आपल्या चुलीवर आणायचा तर तो आपल्या भाषेत, आपल्या भांड्यांत आणि आपल्या जिनसांत पुन्हा बसवावा लागतो, ही जाण त्या उद्योगामागे आहे. आजच्या मराठी बेकिंगच्या पुस्तकांत मला तीच कमी दिसते. त्याकडे पुढे येतेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’मध्ये हजार पाकक्रिया एकत्र केल्या. पुढे सारस्वत महिला समाजाने अंबाबाई संशी यांची ‘रसचंद्रिका’ काढली. अशा पुस्तकांचे बळ त्यांच्या मर्यादेतच आहे. एका समाजाचे, एका वळणाचे स्वयंपाकघर ती मन लावून सांगतात आणि आपण सगळ्या महाराष्ट्राच्या वतीने बोलत आहोत असा आव आणत नाहीत.

मग १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि या लेखनाचा नूरच बदलला. लाखाच्या वर प्रती खपलेल्या या पुस्तकाचे कौतुक पुष्कळ झाले आहे; पण ते बहुतेक आठवणींच्या अंगाने झाले. मला त्यातली रचना महत्त्वाची वाटते. कमलाबाईंनी माप म्हणून वाटी आणि चमचा घेतला. दशमान वजने देशात येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जुन्या बायकांच्या तोंडी अजून शेर, पावशेर, छटाक होते आणि गावोगावचा शेर वेगळा होता. वाटी घेतली की गोष्ट प्रमाणावर येते: रवा एक वाटी, साखर पाऊण, पाणी दोन. वाटी कोणतीही असो, शिरा बिघडत नाही. मुंबईच्या दोन खोल्यांत एकटीने संसार मांडणाऱ्या, किंवा पुस्तक बॅगेत टाकून अमेरिकेला निघालेल्या मुलीजवळ सासूही नव्हती आणि तराजूही. तिला हे माप सगळीकडे सोबत नेता आले. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या खुणा छापील पानावर आल्या. बेसन भाजताना आधी ते जड लागते, मग झारा हलका फिरू लागतो, कडेने तूप सुटते आणि घरभर वास दरवळतो. चकलीच्या भाजणीत मोहन घातल्यावर मूठ आवळून पाहायची, मुटका वळला तर पुरे. वाटलेल्या उडीद डाळीचा ठिपका पाण्यावर तरंगला म्हणजे डाळ पुरेशी फेसली. अशी एक खूण मिनिटांच्या दहा आकड्यांना भारी आहे.

नव्या पुस्तकांची तक्रार इथून सुरू होते. छपाई देखणी, प्रत्येक पदार्थाला पानभर रंगीत छायाचित्र, साहित्य ग्रॅममध्ये. ग्रॅमचे मी मनापासून स्वागत करते. पण कृतीत काय असते? ‘मध्यम आचेवर १० मिनिटे परतावे.’ कोणाच्या मध्यम आचेवर? गॅसच्या मोठ्या बर्नरवर की इंडक्शनवर? जाड बुडाच्या पातेल्यात की पातळ कढईत? दहा मिनिटांत एकीचा कांदा गुलाबी होईल, दुसरीचा करपेल. छायाचित्र शेवटचे ताट दाखवते, आणि अडतो तो मधल्या पायरीवर. व्हिडिओने ही उणीव बरीच भरून काढली हे मान्य करायला हवे. पाकाची तार, तुपाचा बुडबुडा, फोडणीचा आवाज तिथे दिसतो आणि ऐकू येतो. वास आणि हाताला लागणारा पोत मात्र शब्दांतच सांगावा लागतो, आणि तेवढ्यासाठी लिहिणारा माणूस हवा.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र नवे लेखन जुन्याच्या फार पुढे गेले आहे. ‘रुचिरा’ काय किंवा मंगला बर्व्यांची ‘अन्नपूर्णा’ काय, ही मुख्यतः पांढरपेशा मध्यमवर्गाच्या ओट्यावरची पुस्तके. हे स्वयंपाकघर कोणाचे, असा प्रश्न त्यांना पडत नाही. २००९ मध्ये शर्मिला रेगे आणि पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातील त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती एकत्र करून तो प्रश्न मांडला. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतले अन्न त्यात आहे: रक्ताचे, आतड्यांचे पदार्थ, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या. तेल, मसाला, सुकामेवा नसलेल्या घरात चव कशी आणली जाते हे त्यात कळते, आणि ते नसण्याची कारणेही. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतल्या मराठी पाकलेखनात ‘रुचिरा’नंतरचे हे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक आहे. पुस्तकाच्या दुकानात ते पाककलेच्या फळीवर ठेवले जात नाही, ‘सामाजिक’ विभागात जाते. ही वर्गवारी मला मनापासून चुकीची वाटते. एका घरची कोशिंबीर पाककला ठरते आणि दुसऱ्या घरची रक्ती समाजशास्त्र ठरते, असे का व्हावे?

इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी लेखिकांनीही या काळात चांगले काम केले. कौमुदी मराठे यांचे ‘द इसेन्शियल मराठी कुकबुक’ २००९ चे, सई कोरान्ने-खांडेकर यांचे ‘पंगत’ २०१९ चे. ‘पंगत’मध्ये एकाच राज्यातल्या निरनिराळ्या समाजांची स्वयंपाकघरे शेजारी शेजारी बसतात. असा विस्तार मराठीतल्या एखाद्या पुस्तकात सापडावा आणि तो मराठीतूनच वाचायला मिळावा, ही इच्छा अजून अपुरी आहे.

आता बेकिंगकडे. गेल्या काही वर्षांत मराठी घरांत ओव्हन मोठ्या संख्येने आले. टाळेबंदीत तर केक आणि पाव घरोघर होऊ लागले. पुस्तकेही आली. पण त्यांतली बहुतेक परदेशी कृतींची भाषांतरे आहेत, आणि भाषांतरात हवा, पीठ, लोणी काहीच बदललेले नाही. ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’ असे ही पुस्तके लिहितात. जिथे ती कृती जन्मली तिथली खोली असते वीस-बावीस अंशांची. एप्रिलच्या मुंबईत त्याच लोण्याचे तेल होते, साखरेबरोबर फेसताना त्यात हवा कोंडली जात नाही आणि केक चिवट बसतो. नागपुरात मे महिन्यात पावाचे पीठ सांगितलेल्या निम्म्या वेळात फुगते आणि पुस्तकावर भरवसा ठेवणाऱ्याचा पाव आंबूस होतो. आपल्याकडचे बाजारातले लोणी बहुधा खारे, अंडे त्यांच्या अंड्यापेक्षा लहान, घरच्या छोट्या ओव्हनमधली कांडी वरून इतकी जवळ की आत शिजण्याआधी वर करपते. गिरणीवर दळलेल्या कणकेत भरडला गेलेला स्टार्च जास्त असतो, म्हणून ती मैद्यापेक्षा बरेच जास्त पाणी पिते. मैद्याच्या कृतीत कणीक तशीच बदलून घातली की घट्ट गोळा हाती येतो. इथे वाटीही कामाची नाही. तोच मैदा चाळून भरला आणि दाबून भरला तर वजनात पाव हिस्सा फरक पडू शकतो. शिऱ्याला ते चालते, स्पंजला नाही. म्हणजे बेकिंगला तराजू हवा आणि खूणही हवी, आणि दोन्ही आपल्या हवेसाठी नव्याने बसवायला हव्यात. सई कोरान्ने-खांडेकर यांनी भारतीय स्वयंपाकघर समोर ठेवून पावावर ‘क्रम्ब्स’ हे पुस्तक २०१६ मध्ये लिहिले, तेही इंग्रजीत. मराठीत त्या तोडीचे काही माझ्या पाहण्यात नाही.

याहून मोठी खंत वेगळी आहे. भाजणे, म्हणजे खालून-वरून उष्णता देऊन शिजवणे, हे आपल्याला नवे नाहीच. कोकणात तवशाचे धोंडस खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून होते. गोव्यात बेबिंकचा एकेक थर वरच्या आचेवर भाजून त्यावर पुढचा ओततात. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. सुट्टीत रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे, ही रीत कितीतरी गावांत होती. कढईत वाळू तापवून त्यावर केक करणाऱ्या बायका अजून आहेत. एवढे सगळे असूनही आपल्या पुस्तकांत धोंडस ‘पारंपरिक’ प्रकरणात आणि केक ‘बेकरी’ प्रकरणात, आणि मध्ये एका ओळीचाही पूल नाही. तवशाच्या किसात भिजलेली तांदळाची कणी आणि गूळ यांचे मिश्रण हा अंड्याशिवाय, मैद्याशिवाय होणारा केक आहे. बिनअंड्याच्या केकसाठी पाने खर्च करणाऱ्या पुस्तकांना तो आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणातही हाच निष्काळजीपणा दिसतो. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक जसेच्या तसे छापून वर नवे रंगीत मुखपृष्ठ चढवले की काम झाले असे मानतात. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांच्या शेराचा छटाक म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम, एवढी तळटीपही नसते. कोणता तांदूळ, कोणता गूळ, चुलीची आच आज कशी मिळवावी, हे जाणकाराकडून करून पाहून लिहून घेतले तर ती पुस्तके संग्रहातून उठून ओट्यावर येतील.

मी स्वतः दोन पुस्तके शेजारी उघडी ठेवून स्वयंपाक करते आणि ते वाचकांनी करून पाहावे असे सुचवते. प्रमाण नव्यातून घ्यावे, खूण जुन्यातून. धोंडसापासून सुरुवात करता येईल. तवसे किसून त्याचे पाणी फेकायचे नाही, त्यातच भाजलेली कणी भिजवायची. गूळ, नारळ, वेलची आणि मीठ घालून मिश्रण पळीतून जडपणे पडेल इतके घट्ट ठेवायचे. ओव्हन १८० अंशांवर, डबा मधल्या फळीवर. तासाभराने सुई कोरडी निघेल, पण तेवढ्यावर काढू नये. कडा डब्यापासून सुटून तांबूस झाल्या आणि गुळाचा किंचित खरपूस वास आला की मगच काढावे, आणि पुरते गार झाल्याशिवाय कापू नये.