शब्दांची पारख

इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडावर पावसाळ्यात एकदा उभे राहावे. पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळत असते. कातळ झिजतो, घडतो. पण अमुक आकार द्यावा असे नदीच्या मनात नसते. सजीवांच्या घडणीबद्दल शास्त्र सांगते तेही काहीसे असेच. मात्र त्यासाठी आपण घेतलेला ‘उत्क्रांती’ हा शब्द आरंभीच्या ‘उत्’मुळे जिना दाखवतो: खाली किडामुंगी, वर आपण! वास्तविक ते अनेक फांद्यांचे झाड आहे. माणूस आजच्या माकडापासून झाला नाही. दोघांचे पूर्वज एक.

‘नैसर्गिक निवड’ म्हटले की डोळ्यांपुढे तांदूळ निवडणारी गृहिणी येते. मग निवडणारा कोण? ही अडचण केवळ मराठीची नव्हे. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालचा. मूळ इंग्रजी शब्दावर हाच आक्षेप वॉलेसने १८६६ साली त्याला कळवला आणि स्पेन्सरचा शब्दप्रयोग सुचवला. डार्विनने १८६९च्या आवृत्तीत तो घेतला. आपण त्याचे ‘बळी तो कान पिळी’ करून टाकले, आणि घात झाला! कोरडवाहू रानात ज्वारी तग धरते, ऊस वाळतो. म्हणून ज्वारी बलवान ठरत नाही. तिचा त्या रानाशी मेळ बसतो, इतकेच. या चुकीच्या भाषांतराने दांडगाईला शास्त्राचा आधार मिळतो, म्हणून ही तक्रार.

पुरातत्त्वातही तेच. ‘जोर्वे संस्कृती’ म्हणजे जोर्व्याचे संस्कार नव्हेत. प्रवरेकाठच्या त्या गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले. तिथे मिळाली तशी, तांबड्यावर काळी नक्षी काढलेली भांडी ज्या वस्त्यांत सापडतात, त्यांना दिलेले ते नाव आहे.

पण एक शब्द आपल्याकडे अस्सल आहे: ‘पांढरी’. पिकाची जमीन काळी, वस्तीची पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, भिंतींची माती, खापरे साचून झालेल्या टेकाडालाही आपले शेतकरी पांढरीच म्हणतात. एका शब्दात अख्खे शास्त्र! आणि तीच माती सुपीक म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची रीतही आपलीच. थर एकदा विस्कटला की तो पुन्हा लावता येत नाही.

तेव्हा शास्त्रज्ञांनी कोशाबरोबर बांधावरही जावे. आणि आपण पांढरीवर कुदळ मारण्यापूर्वी त्या शब्दाचा अर्थ आठवावा.