अंदाजपत्रक रेषेवरून संधी खर्चाचे मापन : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
अंदाजपत्रक रेषेचा उतार म्हणजेच संधी खर्च, असे पदवी वर्गांत शिकविले जाते. उदाहरणार्थ, तांदूळ ४० रुपये किलो, डाळ १२० रुपये किलो व मासिक खर्चाची रक्कम १,२०० रुपये मानल्यास, १ किलो डाळीसाठी ३ किलो तांदूळ सोडावा लागतो. याउलट १ किलो तांदळाचा संधी खर्च एक तृतीयांश किलो डाळ येतो. हे गणित निर्दोष आहे. त्यामागील गृहीतके मात्र क्वचितच तपासली जातात.

विवेचन :
पहिले गृहीतक एकसमान किमतीचे होय. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क मिळाला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत दिले जाते. पाच जणांच्या कुटुंबास हे सर्व धान्य तांदळाच्या रूपात मिळते असे मानून तांदूळ आडव्या अक्षावर दर्शविल्यास, २५ किलोंपर्यंत रेषा आडवी राहते व त्यानंतरच उतरते. या वळणबिंदूवर शेवटच्या किलो तांदळासाठी डाळ सोडावी लागत नाही. शेवटच्या किलो डाळीचा संधी खर्च मात्र ३ किलो तांदूळच राहतो. दोहोंतील व्यस्त संबंध येथे तुटतो.

दुसरे गृहीतक असे की, पैसा हीच एकमेव मर्यादा आहे. गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये उपभोगाच्या विश्लेषणात वेळेचा समावेश केला. रास्त भाव दुकानाच्या रांगेत मजुराचा अर्धा दिवस गेल्यास बुडालेली मजुरी हा त्या धान्याचाच संधी खर्च ठरतो.

तिसरी मर्यादा मूल्याची आहे. उत्पन्न दुप्पट झाले तरी उतार बदलत नाही. परंतु ३ किलो तांदळाचा त्याग गरीब व संपन्न कुटुंबांस सारखा नसतो. पॉल फेरारो व लॉरा टेलर यांनी २००५ मध्ये १९९ अर्थशास्त्रज्ञांना संधी खर्चाचा एक प्रश्न विचारला असता केवळ २१.६ टक्के उत्तरे त्यांच्या मते बरोबर आली. त्यावर २०१२ मध्ये जोएल पॉटर व शेन सँडर्स यांनी या संकल्पनेच्या व्याख्येतच संदिग्धता असल्याचा आक्षेप घेतला.

समारोप :
यामुळे उताराचे सूत्र त्याज्य ठरत नाही. त्याची व्याप्ती स्पष्ट होते. संधी खर्च कोणत्या बिंदूवर, कोणत्या एककात व कोणत्या मर्यादांसह मोजावयाचा, हे प्रश्नातच नमूद होणे आवश्यक आहे. अन्यथा मोफत धान्याचा संधी खर्च शून्य असे विद्यार्थी लिहितील व त्यास पूर्ण गुणही मिळतील.