सरकारी तार आणि जेव्हन्स यांचे गणित

ब्रिटनमध्ये तारसेवा आधी खाजगी कंपन्यांची होती. १८६८ च्या कायद्याने पोस्टखात्याला त्या कंपन्या विकत घेण्याचा अधिकार मिळाला आणि १८७० मध्ये तार सरकारी झाली. (आपल्याकडे ती १८५५ मध्ये लोकांना खुली झाली तेव्हापासून २०१३ मध्ये बंद होईपर्यंत सरकारच्याच हाती होती.) अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६७ मध्ये या कल्पनेला पाठिंबा दिला होता. १८७५ मध्ये त्यांनीच सरकारी तारेच्या तोट्यावर टीकालेख लिहिला. तो आजही विचार करण्याजोगा आहे.

त्यांचा मुद्दा साधा आहे. पोस्टमनच्या थैलीत दहाऐवजी वीस पत्रे असली तरी फेरी एकच. तारेत मात्र प्रत्येक संदेश एका टोकाला कोणीतरी अक्षरागणिक पाठवायचा, दुसऱ्या टोकाला कोणीतरी उतरवून घ्यायचा, मग पोऱ्याने घरी पोचवायचा. संदेश दुप्पट झाले की माणसे आणि ताराही जवळजवळ दुप्पट. तेव्हा दर उतरवले की नफा वाढेल, हा पेनी पोस्टचा धडा इथे लागू पडत नाही. हे आम्हांला पटते.

पण सगळा तोटा या एका कारणावर ढकलणे बरोबर नाही. कायद्याने कंपन्यांना वीस वर्षांच्या निव्वळ नफ्याएवढी किंमत देऊ केली. रेल्वे कंपन्यांची भरपाई वेगळीच. स्कडमोर या अधिकाऱ्याचा पहिला अंदाज सुमारे २५ लाख पौंडांचा होता, प्रत्यक्ष खर्च एक कोटीच्या वर गेला. त्यावरचे व्याज तारेच्या खात्यावर पडते, पण त्याचा तारयंत्राच्या गुणदोषांशी संबंध काय?

वृत्तपत्रांचे दरही कायद्यानेच बांधले होते: एका शिलिंगला दिवसा ७५ शब्द, रात्री १००; तोच मजकूर आणखी एका पत्त्यावर हवा तर फक्त दोन पेन्स. इथे जेव्हन्स यांचा नियम थोडा ढिला पडतो. व्हीटस्टन यांच्या यंत्रात मजकूर कागदी पट्टीवर एकदा छिद्रांत उतरवला की तो वेगाने, एकाच तारेवरच्या अनेक गावांना एकदम पाठवता येई. तरीही प्रत्येक गावी कारकुनाला प्रत लिहावीच लागे, आणि ती दोन पेन्सांत परवडणारी नव्हती.

शिवाय कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या लहान गावांत कचेऱ्या निघाल्या, अंतर कितीही असो वीस शब्दांना एक शिलिंग हा दर झाला. नफातोट्याच्या हिशेबात याची नोंद कुठे करणार? १८८५ मध्ये दर आणखी उतरून बारा शब्दांना सहा पेन्स झाला; पत्त्याचे शब्द मात्र तेव्हापासून मोजले जाऊ लागले.