विज्ञानशिक्षणाचा दर्जा आणि पाठ्यपुस्तकाची भाषा

शालेय विज्ञानाचा दर्जा उंचावण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा अभ्यासक्रम, प्रयोगसाहित्य आणि परीक्षा या तीन विषयांभोवती फिरते. पाठ्यपुस्तकाची भाषा हाही त्या दर्जाचा एक घटक होय, हा विचार महाराष्ट्रात आग्रहाने मांडणाऱ्यांत एक भौतिकशास्त्रज्ञ अग्रभागी होते, ही गोष्ट आम्हां भाषाभ्यासकांना अंतर्मुख करणारी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचे संस्थापक-संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांनी व्ही. जी. गंभीर यांच्यासह १९८१ मध्ये विज्ञानशिक्षणातील भाषिक अडसरावर एक निबंध प्रसिद्ध केला. आशयाला धक्का न लावता पाठांची केवळ भाषा सुगम केली, तरी विद्यार्थ्यांचे आकलन सुधारते, हे त्यातील प्रतिपादनाचे सार. नापास होणारे मूल मंदबुद्धीचेच असते, या सोयीस्कर समजुतीला त्याने हादरा बसतो.

हे प्रतिपादन भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत उतरते, ते पाहू. ‘द्रवात बुडविलेल्या पदार्थावर, त्याने विस्थापित केलेल्या द्रवाच्या वजनाइतके उत्प्लावक बल ऊर्ध्व दिशेने कार्य करते,’ या धर्तीचे वाक्य आपल्या परिचयाचे आहे. यातील शब्द कठीण आहेत हे खरेच. परंतु खरी अडचण रचनेत आहे. विशेषणात विशेषण गुंतलेले असून क्रियापद हाती येईपर्यंत मुलाला सारे ओझे स्मरणात वागवावे लागते. तोच आशय असा मांडता येईल: ‘वस्तू पाण्यात बुडते तेव्हा ती पाणी बाजूला सारते. त्या पाण्याचे वजन जेवढे, तेवढ्याच बलाने पाणी तिला वर ढकलते.’ येथे काटेकोरपणा यत्किंचितही उणावलेला नाही. ‘जेवढे–तेवढे’ ही मराठीची स्वाभाविक रचना दोन राशींची समानता अधिकच स्पष्ट करते. सुगमता म्हणजे दर्जाची घसरण, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही.

तथापि या विचाराला दोन मर्यादा घालणे आवश्यक वाटते. पहिली अशी की, सोपा शब्द नेहमीच साहाय्यक नसतो. दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन स्तब्ध उभी असलेली स्त्री दमते. तिच्या लेखी ते कामच असते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र पाटीचे विस्थापन शून्य, म्हणून पाटीवर झालेले कार्यही शून्य. येथे ‘कार्य’ ऐवजी ‘काम’ योजल्यास संकल्पना व्यवहारातील अर्थात बुडून जाईल. वाक्य सोपे करावे. संज्ञा मात्र पारखून राखावी.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. सुगमता हा केवळ वाक्याचा गुण नव्हे. ती वाचकाच्या अनुभवावरही अवलंबून असते. वाशिष्ठीच्या मुखाशी वाढलेल्या दाभोळच्या मुलाला ‘उधाण’ आणि ‘भांग’ हे शब्द घरातच मिळतात. अमावास्या-पौर्णिमेला पाणी अधिक चढते आणि अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, हे त्याने पाहिलेले असते. सूर्य आणि चंद्र यांच्या आकर्षणाचा मेळ व विरोध एवढेच त्याला शिकवायचे उरते. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातही या केंद्राने ग्रामीण शाळांसाठी काम केले. तेथील मुलाला हेच दोन शब्द ‘उत्प्लावक’ इतकेच परके वाटणे संभवते. सबब सर्व महाराष्ट्रासाठी एकच सोपी भाषा ही कल्पना अपुरी ठरते. पुस्तकाने सोडलेली जागा स्थानिक शिक्षकाने आपल्या परिसरातील शब्दांनी भरली पाहिजे.

या मर्यादांमुळे कुलकर्णी यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. विज्ञानशिक्षणाचा दर्जा ठरविताना विद्यार्थ्याची परीक्षा घेण्यापूर्वी पुस्तकाची परीक्षा घ्यावी, हा त्यांच्या कार्यातून निघणारा दंडक आहे. तो पाळावयाचा तर वाक्यांची छाननी करण्याचे काम एकट्या भौतिकीच्या अध्यापकावर सोपवून भाषेच्या अध्यापकांना अलिप्त राहता येणार नाही.