वहीत नसलेलं नाव

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली प्रसिद्ध झालं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हे पुस्तक 'चळवळीचं' म्हणून बाजूला ठेवलं जातं. मला विचाराल तर ते हिशेबाचं पुस्तक आहे. कोण कोणाचं किती देणं लागतो आणि ते ठरवतो कोण, याचा हिशेब.

डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातला वारली लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे घेई आणि त्या बदल्यात त्याचा 'लग्नगडी' होई. वही सावकाराची, आकडे सावकाराचे. वाचता न येणाऱ्या माणसाचं कर्ज फिटलं की नाही हे सांगणार कोण? वर्षं सरत, माणूस सुटत नसे. शिवाय बोलावलं की फुकट राबायचं, ती वेठ वेगळीच. मे १९४५ मध्ये झरी गावात वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. पुढे ऑक्टोबरात तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७४ होतं : एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबवणं हा गुन्हा. म्हणजे वारली राबत होते तेव्हाही वेठ गुन्हाच होती. पण गोळी चालली ती राबवणाऱ्यांवर नाही. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर. तरी पुस्तकात त्या कलमांचा आधार शोधत बसत नाहीत. माणसाच्या मनातली भीती कशी उतरते ते सांगत राहतात. भाषा साधी, कुठे नटवेपणा नाही. म्हणूनच ते खरं वाटतं.

माझी एक तक्रार मात्र आहे. पुस्तक मिटल्यावर पुरुषांची नावं आठवतात. बायकांच्या यातना आठवतात, नावं नाहीत. वास्तविक लग्नगड्याची बायकोही राबायचीच. कर्ज एकाचं, राबणारे दोघं, आणि मालकाच्या नजरेची भीती तिला वरचढ. ती लग्न होऊन आली ती थेट कर्जात आली. तिच्या श्रमाला मी व्याजच म्हणेन. वहीत न लिहिलेलं.

गंमत अशी की कायद्याला ही बाई दिसली होती. २५ ऑक्टोबर १९७५ चा वटहुकूम आणि त्यामागून आलेला १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा, यात कर्जापोटी स्वतः राबणं किंवा घरातल्या कोणाला राबवावं लागणं, दोन्ही धरलंय. असं कर्ज फेडायची गरजच उरत नाही, ते रद्द. हे वेठीचं कर्ज नव्हे, हे सिद्ध करायची जबाबदारीही सावकारावर. लिहिणाऱ्यांना वहीचं राजकारण चांगलं कळलं होतं. शिक्षेकडे वळलो की मात्र हात आखडतो : तीन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा जामीनपात्र. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. तिच्या कलम १४६ मध्ये वेठीला शिक्षा आहे ती एक वर्षापर्यंतच, जुन्या ३७४ इतकीच. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत. दागिना चोरला तर चोर, आणि कोणाचं आयुष्य राबवून घेतलं तर?

हे सगळं जुनं झालं असं म्हणू नका. आमच्या चिकोडी-अथणीकडे हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल बहुधा त्याच्या नावावर, मोळी तिच्याही डोक्यावर. खाडा पडला की पैसे कापतात, फिटलं नाही की पुढच्या हंगामाला बांधलेलेच. प्रत्येक उचल म्हणजे वेठ नव्हे. पण उचलीपायी दुसरीकडे कामाला जायची मुभा गेली की कायद्याच्या लेखी ती वेठच. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलं. संविधानाचं कलम २३ तेच सांगतं.

आपल्या घरांतही वह्या होत्या, अजून आहेत. दशलक्षणात आपण अहिंसा अणुव्रताचे अतिचार ऐकतो. त्यात बांधून ठेवणं आहे, झेपेना इतका भार लादणं आहे, अन्नपाणी अडवणं आहे. ऐकताना डोळ्यांपुढे बैल येतो. गडी का येत नाही? त्याची बायको तर नाहीच. मुंगी वाचवायला पदर सावरून चालणाऱ्या आपण, भांडी घासणारीला मुलीच्या लग्नासाठी पैसे दिले की "फिटेपर्यंत दुसरं घर धरायचं नाही हं" असं सहज बोलून जातो. लग्नाला कर्ज आपणही काढतो. बँक आपल्याला सून गहाण मागत नाही, एवढाच फरक.

म्हणून हे पुस्तक वाचा, बायांनो, आणि वाचताना दर पानावर एकच विचारा : वहीत नाव कोणाचं, आणि राबतंय कोण? मग घरातली वही काढा. पैसे दिले असतील तर ते पैशांनीच फिटू देत. तिच्या दिवसांनी नको. आणि आकडा तिला वाचून दाखवा, तिच्यासमोर.