बूट कोणाचे, हात कोणाचे

व्हॅन गॉगने १८८६ साली पॅरिसमध्ये बुटांच्या एका जोडाचे चित्र काढले. आज ते ॲमस्टरडॅमला त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. चित्र लहानच, हातभर रुंदीचे. घोट्यापर्यंत येणारे दोन जुने बूट, एकाची वरची कड गळून पडलेली, नाड्या सुटलेल्या, कातड्याला सुरकुत्या. शेजारी खुर्ची नाही, काठी नाही, माणूस नाही. एवढ्याशा ऐवजावर गेल्या शतकातल्या तीन मोठ्या विद्वानांनी वाद घातला आणि तो वाद आपल्याकडे सौंदर्यशास्त्राच्या तासाला शिकवला जातो. त्या वादात एक प्रश्न कोणीच विचारला नाही अशी माझी तक्रार आहे.

हे चित्र मी पहिल्यांदा पाहिले ते एम. ए. च्या वर्गात, एका पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छपाईत. आमचे प्राध्यापक विद्वान होते, मनाने वाईटही नव्हते. ते म्हणाले, हे बूट आता पायात घालायचे बूट उरले नाहीत; उपयुक्तता गळून पडली आहे आणि लौकिकाच्या पलीकडचे काही शिल्लक राहिले आहे; कला ती हीच. आणि जाता जाता त्यांनी जोडले की, दलित आत्मकथनांत नेमके हे घडत नाही, तिथे वस्तू वस्तूच राहते, लेखन दस्तऐवजाच्या पुढे जात नाही. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. माझे वडील त्या वेळी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोर पेटी मांडून असेच बूट दुरुस्त करीत असतील, हे माझ्या मनात आले. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ते वैयक्तिक झाले असते, आणि वैयक्तिक बोलणे हाच तर आमच्यावरचा आरोप होता.

पुढे हायडेगरचा मूळ निबंध इंग्रजी भाषांतरातून वाचला तेव्हा कळले, की तो असे म्हणतच नाही. उलट तो म्हणतो की साधनाचे साधनपण म्हणजे काय हे आपल्याला या चित्रामुळे कळते. त्याच्या मते हे बूट एका शेतकरी बाईचे आहेत. ती शेतात उभी असते, वारा सुटलेला असतो, मातीची ओल तळव्याला लागते, आणि ती बुटांचा विचारच करीत नाही. विचार करावा लागत नाही, कारण त्या बुटांचा तिला भरवसा आहे. उपयोगाच्याही मुळाशी हा भरवसा असतो, असे त्याचे प्रतिपादन. म्हणजे आमच्या अलौकिकतावादी मास्तरांनी ज्याच्या नावाने उपयुक्तता गाळली, त्याने ती आणखी खोल नेऊन ठेवली होती. उसन्या तत्त्वज्ञानाची ही गत आपल्या समीक्षेत नवी नाही.

भरवसा हा तर आमच्या पेटीवरचाच शब्द. आबांकडे येणारे गिऱ्हाईक नाजूक नसे. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले जवान आपले नालाचे, खिळ्यांचे काळे बूट आणीत. खडी फोडणारे, खाणीत उतरणारे, साखर कारखान्यात भट्टीपाशी काम करणारे येत. नंतर नंतर शनिवारी गड चढायला निघालेली पुण्याकडची मुलेही येऊ लागली. सगळ्यांचे विचारणे एकच : "भरवशाचं होईल ना?"

आता त्या वादाची हकीकत. मायर शापिरो या अमेरिकेतल्या कलेतिहासकाराने १९६८ साली हायडेगरला खोडून काढले. हे बूट शेतकरी बाईचे नाहीत, ते खुद्द चित्रकाराचे आहेत, शहरात पायपीट करणाऱ्या माणसाचे, असे तो म्हणाला. हा लेख त्याने कुर्ट गोल्डस्टाईन या ज्यू शास्त्रज्ञाच्या स्मृतिग्रंथासाठी लिहिला. गोल्डस्टाईनला १९३३ साली नाझींनी अटक केली आणि त्याला जर्मनी सोडावी लागली. त्याच वर्षी हायडेगर नाझी पक्षाचा सभासद झाला. बूट मातीला चिकटलेल्या शेतकऱ्याचे की देशोधडीला लागलेल्या वाटसरूचे, हा वाद म्हणून दिसतो तितका निरुपद्रवी नाही. १९७८ साली देरिदाने दोघांनाही धरले. तुम्ही दोघे हे बूट कोणाच्या तरी पायात घालायला एवढे उतावीळ का, असे त्याने विचारले. आणि हा जोडच आहे कशावरून, दोन्ही डाव्या पायाचे नसतील कशावरून, असेही. या प्रश्नावर मी मनापासून हसलो. असले प्रश्न विचारायला आबांना पोथी लागत नव्हती.

गंमत पुढेच आहे. व्हॅन गॉगबरोबर चित्रकला शिकणाऱ्या फ्रांस्वा गोझी याने एक आठवण लिहून ठेवली आहे. व्हॅन गॉगने पॅरिसच्या जुन्या बाजारातून एका गाडीवानाचे जाडेभरडे बूट विकत आणले. ते स्वच्छ होते, पॉलिश केलेले होते. तसे ते चित्राला रुचेनात, म्हणून एका पावसाळी दुपारी ते घालून तो शहराच्या तटाकडेने हिंडून आला, आणि चिखल लागल्यावर बूट त्याच्या मनाजोगते झाले. ही आठवण याच चित्राबद्दल असेल तर हायडेगरला दिसलेली शेताची माती पॅरिसच्या रस्त्याची ठरते. पण मला त्या चिखलापेक्षा आधीच्या पॉलिशचे कुतूहल आहे. विकण्याआधी कोणीतरी ते बूट पुसले, शिवण तपासली, मेण-तेल दिले, घासून चमक आणली. चित्रकाराने पहिली गोष्ट केली ती त्या हाताची खूण चिखलाने झाकण्याची.

पाय कोणाचे यावर तीन विद्वान भांडले. हात कोणाचे, हे एकानेही विचारले नाही. हायडेगरला कारागीर माहीत नव्हता असे नाही. ग्रीक लोक कारागिराला आणि कलावंताला एकच शब्द वापरीत हे तो याच निबंधात सांगतो, आणि लगेच त्या शब्दाचा अर्थ हातकाम नव्हे, एक प्रकारचे जाणणे, अशी वाट काढतो. त्याआधीच्या, १९२७ सालच्या त्याच्या मुख्य ग्रंथात चांभाराच्या कारखान्याचे उदाहरणच आहे. तिथे कातडे, दोरा, खिळे यांचा उल्लेख येतो. कातडे कशाचे, तर जनावराच्या चामड्याचे. चामडे जनावरांवरून काढलेले. आणि ती जनावरे दुसऱ्या कोणी पाळलेली. गुराख्याला वाक्यात जागा मिळाली. पण काढले कोणी, कमावले कोणी? तिथे वाक्य कर्त्याविना उभे आहे. जणू चामडे आपण होऊनच उतरते आणि आपण होऊनच पिकते.

ते कसे पिकते हे मी पाहिले आहे. कातडे आधी चुन्यात टाकायचे, केस सैल पडेपर्यंत. मग बाहेर काढून एका अंगाने केस आणि दुसऱ्या अंगाने मांस खरवडायचे. चुन्याने बोटांची कातडी जाते. कमावणाऱ्याचे स्वतःचे कातडेही त्या हौदात कमावले जाते म्हणा. मग कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे, आत बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरायचे, झिरपलेले पाणी पुन्हा पुन्हा वर ओतायचे. सालीतला तुरटपणा कातड्याच्या तंतूतंतूत शिरला की ते कुजत नाही. घाई केली तर वरून पिकते, आत कच्चे राहते, आणि असा तळ पहिल्या पावसात फुगून फाटतो. युरोपात ओकच्या सालीच्या खड्ड्यांत तळाचे जाड कातडे वर्षभरसुद्धा ठेवीत. व्हॅन गॉग राहिला त्या पॅरिसमध्येच बिएव्र नदीच्या काठाने चामड्याचे कारखाने होते. नदी इतकी नासली की १९१२ पर्यंत शहरातला तिचा सगळा प्रवाह झाकून टाकावा लागला. आणि सह्याद्रीतला हिरडा बोटी भरभरून विलायतेतल्या कारखान्यांना जात होता. विलायती बुटाच्या भरवशात आमच्या डोंगराचा वाटा आहे तो असा.

कमावणे या आपल्या क्रियापदाचा मला नेहमी अचंबा वाटतो. पैसा कमावतात, अंग कमावतात, कातडेही कमावतात. भाषेने ज्याला मिळकतीचा मान दिला, त्याला गावाने गावाबाहेर बसवले.

मग बूट. फर्म्यावर वरचे कातडे ओले करून ताणायचे. त्याच्या कडेने चामड्याची एक पट्टी शिवायची आणि तळ शिवायचा तो त्या पट्टीला, वरच्या कातड्याला नव्हे. मेण लावलेला दोरा, आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोन टोके ओढून घ्यायची, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. कामाचा बूट वर्षानुवर्षे टिकतो तो या पट्टीमुळे. तळ झिजला की शिवण उसवून नवा तळ बसवता येतो, पायाला बसलेले वरचे कातडे तसेच राहते. नुसता चिकटवलेला बूट तळाबरोबर मरतो. हायडेगर ज्याला भरवसा म्हणतो तो मातीतून येत नाही. तो तिथे, त्या पट्टीपाशी, कोणीतरी वाकून बसून घातलेला असतो.

डोंगर चढणाऱ्यांच्या बुटाला खिळ्यांऐवजी खोल खाचांचा रबरी तळ आला तो इटलीत. १९३५ साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावले, त्यानंतर ब्रामानी नावाच्या गिर्यारोहकाने तो बनवला. १९३७ साली त्याचे पेटंट झाले, आणि त्याच्या नावावरून तो तळ जगभर ओळखला जातो. इकडे ट्रकच्या जुन्या टायरचा तळ कापून बसवणारे आमचे लोक गावोगाव बसले. त्यांतल्या एकाचेही नाव कुठे नाही. असो.

हायडेगरने बुटांवरची ही व्याख्याने फ्रँकफुर्टला दिली ती १९३६ साली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिले. मंडळाला ते झेपले नाही, भाषण झालेच नाही, बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. जात ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे हा विचार त्यात आहे. बुटाचे जे सत्य फ्रँकफुर्टच्या व्यासपीठावर सुटले, ते त्या न झालेल्या भाषणात आहे असे मी म्हणेन. कारण आपल्याकडे जोडा एका हाताचा कधीच नव्हता. मेलेले जनावर ओढायचे महारांनी, कातडे कमावायचे ढोरांनी, जोडा शिवायचा चांभारांनी. आणि प्रत्येकाने आपल्या खालच्याचा विटाळ मानायचा.

आता इथे मला स्वतःकडे यावे लागते. आमच्या घरात कातडे ढोर आळीतून यायचे. माझी आजी ते दारात पाणी शिंपडून आत घ्यायची, आणि त्या घरचे पाणी आमच्यात चालत नव्हते. हायडेगरच्या वाक्यातून गळालेला माणूस आमच्या उंबऱ्यावरही गाळलेलाच होता. म्हणून नुसते प्रस्थापित समीक्षेवर दात खाऊन भागणार नाही. आपल्या साहित्यात चांभाराची पेटी आली ती बहुधा दैन्याची खूण म्हणून. रापी आली, पण ती कातड्याच्या कोणत्या अंगाने चालवायची हे ज्ञान आले नाही. त्याचे कारण मला समजते. हुन्नराचे कौतुक करू लागलो की जातीच्या धंद्याचे कौतुक करणारे टपलेलेच असतात. पायातली वहाण पायातच बरी म्हणणारे उद्या तिच्या नक्षीवर परिसंवाद भरवतील. पण त्या भयाने ज्ञानच लिहायचे सोडले तर पुढची पिढी काय म्हणेल? आमच्या बापाला फक्त अपमान येत होता, दुसरे काही येत नव्हते?

बाराव्या शतकातल्या कल्याणच्या शरणांत ढोर कक्कय्या होते आणि चांभार हरळय्याही होते. हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने आपल्या मांडीचे कातडे काढून बसवण्णांसाठी जोडे केले आणि बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, अशी कथा आहे. पुढे त्यांच्या मुलाचे ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लग्न झाले म्हणून दोन्ही बापांना राजाने मारले. माझ्या कातड्याचे जोडे केले तरी उपकार फिटायचे नाहीत, असे आपण सहज बोलून जातो. ही कथा मला प्रिय आहे, तरी तिच्यातही एक खोट मला दिसते. हरळय्यांनी रोज म्हशीच्या कातड्याचे जे जोडे शिवले, त्यांबद्दल कथा गप्प आहे. चांभाराला आठवणीत जागा मिळवायला स्वतःचे कातडे द्यावे लागले.

आबा थकल्यावर घरीच असत. एकदा मी त्यांना त्या चित्राची रंगीत छपाई दाखवली आणि वादही थोडक्यात सांगितला. त्यांनी चित्र लांब धरले, जवळ धरले. "वरचं कातडं अजून चांगलं आहे," म्हणाले. "तळ दिसत नाही. तळ दिसल्याबिगर मी काय सांगू?" मग मी त्याच चित्रकाराचे १८८७ सालचे दुसरे चित्र काढले. ते अमेरिकेत, बाल्टिमोरला आहे. त्यात एक बूट उताणा पडला आहे, तळ आपल्याकडे, तळाला गोल डोक्यांचे खिळे. दुरुस्तीला आलेला बूट पेटीवर जसा ठेवतात तसा. हे चित्र आबांनी बराच वेळ धरून ठेवले. बोटाने एकेक खिळा चाचपल्यासारखे करीत ते कडेपर्यंत गेले, तिथे थांबले आणि मला म्हणाले, "चष्मा दे रे माझा."